नवमीचं पान बदकाने खाल्लं

१ जून, रविवार. कोलशेत

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक मिक्सर आणि आईने जबरदस्ती कोंबलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी, एवढ्या ऐवजासह ठाकुर्लीची योगिनी आज कोलशेतकर झाली. वय वर्षं सदतीस. 'हिचं आता काही जमत नाही' म्हणणाऱ्या आमच्या बिल्डिंगमधल्या समस्त काकूंना मी स्वतः जाऊन रजिस्टर लग्नाचे पेढे दिले, तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी झालेली.

घर बैठं, जुन्या गावठाणातलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे चक्क परसदार. ठाकुर्लीला आम्ही तुळससुद्धा खिडकीच्या ग्रिलमध्ये अडकवलेली, त्यामुळे मला हे म्हणजे फार्महाऊसच. पेरूचं झाड आहे, अळू माजलाय, मागची भिंत कमरेएवढी आणि तिला लागून कपडे आपटायचा दगड. भिंतीपलीकडे गल्ली, मग खाडीकडे जाणारा रस्ता. तिन्ही बाजूंचे टॉवर आमच्या परसात डोकावून बघत असतात. बघू देत.

माणसं तीन. रवी, म्हणजे माझा नवरा रवींद्र, कंपनीत शिफ्टला जातो, मोजकं बोलतो आणि चहा मस्त करतो. सासूबाई, रंगूबाई, मूळच्या राजापूरकडच्या, त्या रवीच्या वाटचंही बोलतात. आणि सान्वी, सहा वर्षांची, रवीच्या पहिल्या बायकोची मुलगी. ती बायको, रसिका, तीन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. आठवड्याभरात सगळं आटोपलं असं रवी सांगतो आणि तिथेच थांबतो. तिचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे. हसरी होती. मी आल्या आल्या नमस्कार केला, मनात म्हटलं, बाई गं, आलेय, सांभाळून घे.

सान्वीने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं की मावशी, तू परत कधी जाणार. मी म्हटलं, नाही जाणार. तिने 'बरं' म्हटलं आणि टीव्ही लावला. पहिल्या दिवसासाठी एवढं पुष्कळ झालं.

१५ जून, रविवार

आज एक उद्योग करून ठेवलाय. कल्याणला सान्वीसाठी दप्तर घ्यायला गेलेलो, मी आणि ती. आल्यापासून ही पोरगी माझ्याशी 'हो', 'नको' आणि 'आजी कुठाय' यापलीकडे बोललेली नाही. बाजारात एका पक्षीवाल्यापुढे मात्र जी उभी राहिली ती हलेचना. पिंजऱ्यात बदकाची पिल्लं, पिवळी, मुठीत मावतील एवढी. दुकानदार म्हणाला, ही बारकी जात आहे, मोठी झाली तरी कबुतरापेक्षा थोडीच मोठी होतात, परसात आरामात राहतील. सान्वीने पहिल्यांदाच माझा हात धरला. झालं! दप्तर राहिलं आणि तीन बदकं घरी आली.

रवी हसला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून विचारलं, ह्यांचं करायचं काय, शिजवायचं की पुजायचं? सान्वीने तोवर नावंसुद्धा ठेवलेली: चकली, शेव आणि बुंदी. बुंदी सगळ्यात लहान, फिकट रंगाची, डोक्यावर पिसांचा झुबका. बघितलं की हसूच येतं.

२२ जून

बदक पाळणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. मला वाटलेलं टबात पाणी भरायचं की झालं. आमच्या मेडिकलमध्ये (मी माजिवड्याला मेडिकलच्या दुकानात असते, काउंटरला) एक जनावरांचे डॉक्टर येतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, थांबा थांबा, पिल्लांना पाण्यात जास्त वेळ सोडू नका. बदकिणीच्या अंगाला तेल असतं, ते तिच्या पोटाखाली राहून पिल्लांना लागतं, म्हणून पिल्लं भिजत नाहीत. आई नसलेली पिल्लं भिजतात, गारठतात आणि मरतात. त्यांना बाहेर काढून टॉवेलने पुसायचं.

घरी येऊन मी हे सान्वीला जसंच्या तसं सांगितलं आणि सांगताना जीभ चावली. ती माझ्या शेजारी दगडावर येऊन बसली, बुंदीला मांडीवर घेतलं आणि पुसत राहिली, अगदी पायांच्या बोटांमधलं पातळ कातडंसुद्धा. मग चकलीला, मग शेवला. तोवर मी आत जाऊन डोळे पुसून आले.

१३ जुलै

घरात आता मिरवणूक असते. पुढे सान्वी, मागे तीन बदकं, त्यांच्यामागे फडकं घेऊन मी, कारण बदकं चालता चालता घाण करतात आणि त्यासाठी कुठे थांबत नाहीत. भिजवलेला तांदूळ, कोंडा, बारीक चिरलेला पालक. पाव अजिबात नाही. पंखांना पिसं फुटली म्हटल्यावर त्या डॉक्टरांनी तिघांच्या एका बाजूच्या पंखाची टोकं कापून दिली. दुखत नाही, नखं कापल्यासारखंच. नाहीतर कुठल्या टॉवरच्या बाल्कनीत जाऊन बसली असती.

शाळेत 'माझं घर' असं चित्र काढायचं होतं. सान्वीने आजी काढली, पप्पा काढले, बदकं काढली आणि बदकांच्या मागे फडकं घेतलेली एक जाडी बाई. खाली लिहिलेलं: मावशी. एवढी जाडी नाहीये मी. पण दुकानात सगळ्यांना मोबाइलवर दाखवत सुटले.

३१ ऑगस्ट

आज सान्वीच्या वेण्या घालत होते. तिला काहीतरी सांगायचं होतं, घाईत होती, आणि तोंडून आलं, 'ए आ—' आणि मग, 'मावशी'. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. वेणी तीनदा चुकली.

एवढं अर्धं अक्षर ऐकून माणूस किती वेडं होऊ शकतं! आख्खा शब्द एकदा येऊ दे. मला दुसरं काहीच नको.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

आज रसिकाचं पान होतं. नवरा असताना गेलेल्या बाईचं पितृपक्षात नवमीला करतात. सासूबाई उजाडल्यापासून चुलीशी. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. शेजारच्या नीलावहिनींना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलेलं. पण आधी कावळ्याचं पान. केळीच्या पानावर सगळं वाढून मागच्या भिंतीवर ठेवलं. कावळा शिवला की गेलेलं माणूस जेवलं, मग घरच्यांनी जेवायचं.

कावळा येईना. एरवी पेरूवर दंगा घालतात मेले. एकच आला, तो समोरच्या टॉवरच्या पाइपावर बसून नुसता बघत राहिला. सासूबाई म्हणाल्या, तिचं काहीतरी मनात राहिलंय, शब्द द्या कोणीतरी. हा रिवाज आमच्याकडेही आहे. गेलेल्याच्या मनातलं ओळखून शब्द द्यायचा, पटला तर कावळा शिवतो. सासूबाईंनी सांगितलं की रवी सुखात आहे, काळजी करू नको. कावळा हलला नाही. रवीने घसा खाकरून सांगितलं की सान्वीला खूप शिकवीन. नाहीच. नीलावहिनी ताटकळलेल्या, सान्वी भुकेने किरकिर करतेय, मला माजिवड्याची ड्युटी गाठायची, आणि कोंडून ठेवलेली बदकं खुराड्यात बोंब ठोकतायत. शेवटी मी वैतागून खुराडं उघडलं, पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, रसिका, सान्वी तुझीच आहे आणि तुझीच राहील. जेव बाई आता.

कावळा तसाच. पण बुंदी धावत सुटली. दगडावर चढली, पंख फडफडवत भिंतीवर गेली आणि पानावर तुटून पडली. आधी खीर, मग वडा. कोणी हलायच्या आत निम्मं पान साफ! नीलावहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, रवी हसला, सान्वी टाळ्या वाजवायला लागली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. नीलावहिनी म्हणाल्या, जाऊ दे हो, पाखरूच ना शेवटी, पोचलं असेल. मग आम्ही जेवलो. दुकानात पोचायला उशीर झालाच.

१६ सप्टेंबर

बुंदीचं काहीतरी बिनसलंय. टबात जातच नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शेगडीकडे बघत राहते. समोर तांदूळ ठेवला तर तोंड लावत नाही. सान्वीने दूध संपवलं, पोळी संपवली, मग ही खाते. गंमत म्हणून रवीला सांगितलं. तो म्हणाला, रसिकाचं तसंच होतं, पोरीच्या आधी कधी जेवायची नाही. आणि उठून बाहेर गेला.

मागच्या दाराशी चपला असतात. सकाळी सगळ्या ओळीत लावलेल्या, टोकं बाहेर. माझी जोडी तेवढी पायरीच्या खाली. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी नाही हात लावला. त्यांचा चेहरा उतरलेला.

१७ सप्टेंबर

सान्वी शाळेत गेली नाही. पोटात दुखतं म्हणाली. दुपारभर परसात बुंदीजवळ बसून होती, पाय टबात सोडून. मी दहादा हाक मारली. मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की जशी मी रस्त्यावरची कोणी बाई आहे आणि पत्ता विचारतेय.

टॉवेलने पाय पुसायला गेले तर पाय ओढून घेतला. म्हणाली, आई पुसेल.

मी विचारलं, कोण आई? तिने बुंदीकडे बोट केलं. साधं, सरळ, आपण घड्याळाकडे बोट करतो तसं.

मला राग आला. खोटं कशाला लिहू? भयानक राग आला. मी उन्हातान्हात कोंडा आणायचा, घाण काढायची, वेण्या घालायच्या, आणि आई कोण तर बदक! आत येऊन भांडी आपटली. मग लाज वाटली.

१८ सप्टेंबर

रवी कामावरून आला तेव्हा स्कूटरचा आवाज यायच्या आधीच बुंदी पुढच्या दारात जाऊन उभी होती. त्याने तिला उचललं. चहा न घेताच परसात जाऊन बसला आणि तिला सांगत राहिला, हळू आवाजात. कंपनीत कोण काय बोललं, पाठ कशी दुखते, सगळं. माझ्याशी आख्ख्या लग्नात एवढं बोललेला नाही. मी दाराआडून ऐकलं. शेवटी म्हणाला, तू अशी अचानक गेलीस, मला काही सुचलंच नाही गं.

बदकाची सवत झालेली जगातली पहिली बाई मी असेन. ठाकुर्लीला सांगितलं तर काकू हसून हसून मरतील. मला हसायला येत नाही. माझा नवरा रडत होता आणि त्याचे डोळे पुसायचा हक्क माझा नव्हता.

सान्वी दिवसभर काही जेवली नाही. संध्याकाळी बघितलं तर बुंदीच्या ताटलीतला भिजलेला तांदूळ खात होती. त्यात बारक्या गोगलगाई होत्या. तोंडात बोट घालून काढायला गेले तर मला चावली.

१९ सप्टेंबर

सान्वीच्या हातापायांची बोटं सुरकुतली आहेत. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. पण कालपासून पाण्यात गेलीच नाही ती. अंग गार. फ्रॉक खांद्यावरून घसरतोय. डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, ओआरएस द्या. मी मेडिकलवाली, मला ओआरएस सांगतात.

मग मी ठरवलं. बुंदीला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं आणि रिक्षा केली. माजिवड्याला त्या जनावरांच्या डॉक्टरांकडे देऊन येणार होते, कायमची. खोक्यात तिने हूं की चूं केलं नाही. सिग्नलला रिक्षा थांबली आणि रवीचा फोन. ओरडत होता. सान्वी श्वास घेत नाहीये, ओठ निळे पडलेत, कुठे आहेस तू? मी रिक्षा वळवली. फोन कानालाच. कोलशेत जवळ आलं तसं तो म्हणाला, घेतेय, घेतेय श्वास. मी खोकं छातीशी धरून बसलेले आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

कुठे लिहिलं नाही ते आज लिहिते. तिशीतच माझी गर्भपिशवी काढली, गाठी होत्या. तेव्हा रडले नव्हते. म्हटलं, नशीब. मग ही पोरगी मिळाली, आयती, सहा वर्षांची, दात पडलेली. हिच्यानंतर मला कोणी नाही. कोणीही नाही. ही जाता कामा नये.

२० सप्टेंबर

सासूबाईंनी आज दार लावून मला समोर बसवलं. म्हणाल्या, तुला कळलंय, मला कळलंय, उगाच एकमेकींपासून लपवायचं कशाला? कावळा खातो आणि उडून जातो, म्हणून पान कावळ्याला. ही आली, जेवली, आणि कापलेल्या पंखांच्या पाखरात अडकून बसली. तिचाही दोष नाही. पोरीचं नाव घेऊन बोलावलं तर कुठली आई येणार नाही? पण उद्या सर्वपित्री अमावास्या. आलेले सगळे परत जातात. तिलाही जावं लागणार. आणि तू जे तिचं म्हणून दिलंस, ते तिच्याबरोबर जाणार.

मी म्हटलं, शब्द परत घेते. त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत मिळत नाही गो. आणि पदर डोळ्यांना लावला.

मी परसात गेले. भांडायलाच गेलेले. म्हणणार होते, कसली आई तू, पोटच्या पोरीला नेतेस? बुंदी चपलांशी होती. चोचीने माझी चप्पल ढकलत होती, पायरीवर चढवायला बघत होती, सान्वीच्या चपलेशेजारी. चढेना. पुन्हा ढकलायची. मग माझ्याकडे आली आणि माझ्या पावलावर मान टाकून पडली. अंग थरथरत होतं तिचं. तिलाही न्यायची नाहीये सान्वी. तिलाही नकोय हे.

आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि रडत होते. सवतीसाठी रडले मी.

नंतर सासूबाईंच्या मागे लागले, काहीतरी असेल, काहीतरी सांगा. त्या नाही नाही म्हणत राहिल्या. मग बोलता बोलता निसटलं. नवमीला सवाष्ण बाहेरचीच का आणतात? कारण ती गेलेल्या बाईच्या नावाने जेवते, तेवढा वेळ तिच्या जागी बसते. घरची बाई बसवत नाहीत. त्याच नवऱ्याची तर नाहीच नाही. कारण ती पानावरून उठते तेव्हा कोण उठेल ते—

एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात धरला. पण मी ऐकलेलं.

२१ सप्टेंबर. अमावास्या. सकाळ

सान्वी डोळे उघडत नाही. रवी तिच्या उशाशी. अँब्युलन्सला फोन केलाय, येतेय म्हणतात. उचलून दारापर्यंत नेली तर नाडी लागेना, परत आणून ठेवली तेव्हा लागली. बुंदीपासून लांब नेताच येत नाही.

माझं ठरलंय. आज रसिकाच्या पानावर मी बसणार. शब्द मोडायचा नाही. सान्वी तिचीच. पण आईच इथून गेली नाही तर पोर कशाला जाईल?

सासूबाईंनी पाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हणाल्या, तूही माझी सूनच आहेस, मी कुठल्या हाताने वाढू? मी म्हटलं, त्याच हाताने. मग वडे तळायला बसल्या. हुंदके ऐकू येतायत.

रवीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला निवडावं लागलं असतं. आपल्या माणसावर ती पाळी मी आणणार नाही. जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला वाटलं, धीर देतेय.

दुपार

परसात पाट मांडलाय. रसिकाची साडी ट्रंकेतून काढली, मोरपिशी, डांबराच्या गोळ्यांचा वास. मला आखूड होते. वही मांडीवर. मध्ये मध्ये हात पुसून लिहितेय, कारण लिहितेय तोवर मी आहे.

पानातलं आधी बुंदीने खाल्लं. थोडंसंच. मग माझ्या गुडघ्यावर मान ठेवली आणि डोळे मिटले.

तिला म्हटलं, ये. सान्वीला गवार आवडत नाही, जबरदस्ती करू नको. शाळेच्या बुटात खडे राहतात, झटकून घाल. रवीची पाठ—

तुला माहीतच असेल.

खाल्लं. पहिला घास.

*

खिरीत वेलची जास्त. मला वेलची आवडते. नाही — मला नाही आवडत, मला कधीच —

*

बुंदी उठली. टबाकडे गेली, चकली आणि शेवच्या मागे. पाण्यात उतरली. नुसतं बदक आता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

*

भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय. आई गं.

बाबांचं नाव परशुराम. परशुराम. ठाकुर्लीला आमचा मजला कितवा? जिन्यात निळा रंग होता का —

दुकानात काउंटरच्या मागे जी मुलगी बसते तिचं नाव

*

आतून रवी ओरडला! सान्वीने डोळे उघडले. पाणी मागितलं. खायला मागितलं. देवा. देवा. बोटं सरळ झाली म्हणतोय, गरम झाली म्हणतोय. सासूबाई धावल्या आत. मला पण —

नाही. पान संपवायचंय. अजून भात आहे.

*

तिच्या बाळपणातलं काहीतरी दिसतंय. मला कसं दिसेल. मी नव्हते. पाळण्याला लाल फडकं बांधलेलं. मी बांधलेलं — रात्रभर रडली म्हणून — दृष्ट लागेल म्हणून —

नाही. ती. तिने बांधलेलं.

*

सान्वी हाक मारतेय. आई आई करतेय, नुसती आई आई. आख्खा शब्द. दोनदा, तीनदा.

कोणाला ते विचारणार नाही मी. ओ देते. ओ दिली.

*

शेवटचा घास.

कळा येतायत — आठवतायत — आख्खं अंग फाटतंय आणि माझ्या पोटात तर काहीच नाही, काही नव्हतंच कधी, तरी आठवतंय. पंखा फिरतोय. हिरवा पडदा. आणि मग ते रडणं. किती बारीक आवाज तो! कोणीतरी माझ्या छातीवर आणून ठेवलं तिला, ओली, गरम, केस चिकटलेले. ही माझी. अगं बाई, ही माझी. मी जन्म दिला हिला, मला आठवतंय, मला मिळालं हे, एवढं मिळालं तरी —

नर्स वाकून विचारतेय, बाळाच्या हाताला पट्टी बांधायचीय, आईचं नाव सांगा, आणि मी